फोटो एका इमारतीचा, गोष्ट दुसरीची

गेटवेजवळच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबचा फोटो लावून एक मजकूर पुन्हा फिरतोय. ‘याच इमारतीत भारतीयांना मज्जाव होता. “कुत्रे आणि भारतीयांना प्रवेश नाही” ही पाटी इथलीच. जमशेटजी टाटांना इथूनच परत पाठवलं, म्हणून त्यांनी शेजारी ताज उभारलं. आणि क्लबला ही जागा मिळाली ती गेटवेमुळे.’

शेवटचं आधी निकालात काढू. गेटवेचं उद्घाटन १९२४ सालचं. क्लब तिथे त्याच्या चाळीसेक वर्षं आधीपासून होता.

आता फोटो. त्रिकोणी माथ्यांची ही देखणी इमारत १८९० च्या दशकातली, जॉन अ‍ॅडम्सच्या आराखड्याची. बांधली ती सभासदांच्या मुक्कामाच्या खोल्यांसाठी. खरा क्लब रस्त्यापलीकडे, समुद्राला खेटून होता. क्लब इकडे आला तो स्वातंत्र्यानंतर.

पाटीचं म्हणाल, तर असल्या क्लबांना पाटी लावायची गरजच नव्हती. सभासद व्हायचं तर सूचक हवा, अनुमोदक हवा, मग सभासदांचं गुप्त मतदान. नको तो माणूस आवाज न होता बाहेर राही. मज्जाव खराच होता, त्यात शंका नाही. म्हणून तर गव्हर्नर विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये युरोपीय आणि भारतीय दोघांसाठी वेगळा क्लब काढला. (त्यामागे कुणा महाराजांना यॉट क्लबात अडवल्याचा किस्सा सांगतात. तोही ऐकीवच.)

जमशेटजींची गोष्ट तर मुळात या क्लबची नाहीच. ती सांगितली जाते काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलबद्दल, आणि तीही अनेक अभ्यासकांना पटत नाही. फॉरवर्ड करणाऱ्याने पत्ता बदलला, अपमान तेवढा तसाच ठेवला.

खरी गंमत मात्र मजकुरात आलेलीच नाही. समुद्राकाठच्या त्या जुन्या क्लबात १९४९ मध्ये होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था राहायला आली. १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, तोवर तिचा पत्ता ‘ओल्ड यॉट क्लब’ हाच होता. साहेब जिथे संध्याकाळी पेला हातात घेऊन बोटी बघत बसायचे, तिथे आपली पोरं अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांची गणितं मांडू लागली. टाटांचं नाव या क्लबात शिरलं ते असं.