एआरटी, वजन, शुगर आणि ‘सुट्टी’चा सल्ला

बडोद्याच्या मराठी ग्रूपांतून सध्या एक मेसेज हिंडतोय: ‘एचआयव्हीची गोळी खाल तर जाड व्हाल, शुगर लावून घ्याल’. खाली कुणा ‘अनुभवी वैद्यां’चा दाखला, नाव नाही. असले मेसेज मी एरवी न वाचता उडवतो. पण दांडिया बाजारातल्या एका काकांनी तो ‘सुप्रभात’च्या फुलांखाली चिकटवून ढकलला आणि संध्याकाळी त्याच ग्रूपातल्या एकाचा मला फोन आला. तो कित्येक वर्षं ही गोळी, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारी एआरटी, घेतोय, हे काकांना ठाऊक नाही. माझं-त्याचं नातं काय ते विचारू नका. त्याचं म्हणणं एवढंच: “वजन वाढलंय रे, शुगर पण बॉर्डरवर आलीय. महिनाभर बंद करून बघू का?”

नाही. अजिबात नाही.

मेसेजातला सगळ्यात घातक मुद्दा हाच आहे, म्हणून आधी तोच घेतो. ‘वजन वाढू लागलं की तीन महिने गोळीला सुट्टी द्या, स्वादुपिंडाला विश्रांती मिळते, तोवर कारल्याचा रस घ्या.’ ही सुट्टी देऊन झालेली आहे, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्मार्ट नावाच्या चाचणीत ३३ देशांतले ५४७२ लोक होते. अर्ध्यांची औषधं अखंड चालू. उरलेल्यांची सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) ३५०च्या वर गेली की बंद आणि २५०च्या खाली गेली की पुन्हा सुरू. गोळ्यांचे दुष्परिणाम टळतील, अशी आशा होती. २००६च्या जानेवारीत हा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. सुट्टीवाल्या गटात मृत्यूचा धोका १.८ पट निघाला. आणि जे टाळायला सुट्टी दिली ते हृदयाचे, किडनीचे, लिव्हरचे गंभीर त्रास? तेही त्याच गटात जास्त. गोळी थांबली की विषाणू बहुतेकांत काही आठवड्यांत उसळतो आणि त्याने शरीरात होणाऱ्या सुजेचा मार हृदयापर्यंत जातो. शिवाय सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. त्यांतली पहिली दोन हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. ज्याला तोही आहे, त्याने गोळी अचानक सोडली तर लिव्हर भडकू शकतं. कारल्याचा रस तिथे काय करणार, ते त्या वैद्यांनीच सांगावं.

आता ‘गोळीने वजन वाढतं’. हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. जोहान्सबर्गच्या अॅडव्हान्स चाचणीत ९६ आठवड्यांनंतर जवळपास हीच औषधं (लॅमिव्हुडिनच्या जागी एमट्रिसिटाबिन) घेणाऱ्यांचं वजन सरासरी चारेक किलोंनी वाढलं. त्यातल्या जुन्या औषधाच्या, एफाविरेंझवाल्या गटाचं दोनेक किलोंनी. बायकांमध्ये वाढ जास्त. पण आजाराने खंगलेल्याचं वजन भरून येणं वेगळं आणि आधीच पोट असलेल्याचं आणखी वाढणं वेगळं. मेसेजात दोन्ही एकाच पातेल्यात. डोल्युटेग्राविर सुरू केल्यावर थोड्या काळात शुगर एकदम चढलेले काही रुग्णही युगांडात नोंदले गेलेत. म्हणून शुगर तपासायची, गोळी फेकायची नाही.

‘बारीक माणसाला शुगर होत नाही’ हे वाचून तर मला हसूच आलं. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ झाला की वजन जास्त धरतात. म्हणजे १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला ६३ किलोपासूनच. रोज सकाळी शेवउसळीवर वरून आणखी शेव मारणारा आमचा ‘बारीक’ माणूस एकदा कंबर मोजून बघू दे. पुरुषांत ती ९० सेंटीमीटरच्या पुढे गेली की धोका आहेच, वजनकाटा काहीही सांगो.

‘गाल बसलेत, पोट सुटलंय, असा माणूस ओळखा’ हे मात्र संतापजनक आहे. तसे चेहरे स्टॅव्हुडिनसारख्या जुन्या औषधांमुळे व्हायचे, ते औषध आपल्याकडे केव्हाच बंद झालं. कुणाचं निदान चेहऱ्यावरून करून चारचौघांत बोलायची हौस असेल, तर आधी २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा वाचावा.

शुगरची गोळी मेटफॉर्मिन एआरटी‘बरोबर चालतच नाही’ हेही चूक. चालतं. डोल्युटेग्राविरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ते साधारण दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. फक्त शुगरच्या डॉक्टरांना दुसऱ्या गोळीबद्दल सांगावं लागतं, आणि लाजेपायी लोक नेमकं तेच लपवतात.

मेसेजाच्या शेवटी एक ‘शक्तिवर्धक’ कॅल्शियम-लोहाची गोळी विकायला ठेवलीय. ती रिकाम्या पोटी एआरटीबरोबर घेतली तर डोल्युटेग्राविर नीट शोषलंच जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्या, नाहीतर एआरटी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. अँटासिडला जेवणाची सवलतही नाही, तिथे हे अंतर पाळायचंच.

फोन करणाऱ्याला मी सांगितलं ते असं: पुढची बाटली घ्यायला जाशील तेव्हा उपाशीपोटीची शुगर करून माग. नुसत्या एचबीएवनसीवर (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) विसंबू नकोस. एचआयव्हीत, विशेषतः झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर, ती प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू शकते. उपाशीपोटी १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून घे. केंद्राच्या हिरव्या पुस्तकात दर वेळी वजन लिहितात, तिथली मागच्या वर्षीची नोंद डॉक्टरांना स्वतः दाखव. आणि आज रात्रीची गोळी घे.