‘नंबर तर मशीनच काढतं’ म्हणणाऱ्यांना

“ऑप्टोमेट्री म्हणजे चष्म्याचा नंबर काढणं. ते आता मशीन अर्ध्या मिनिटात करतं. चार वर्षं कशाला घालवायची? शेवटी बसायचं दुकानातच, डॉक्टर तर होता येत नाही.” हा मजकूर खूप फिरतोय. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून एकेक दावा तपासते.

मशीनचं आधी. ऑटोरिफ्रॅक्टोमीटर नंबराचा अंदाज देतो, चांगला देतो. पण लहान मूल त्यात डोकावतं तेव्हा, जवळचं पाहताना आवळतो तसा, डोळ्यातला स्नायू आवळला जातो. मग मायनस नंबर फुगतो, प्लस नंबर लपतो. त्या कागदावरून चष्मा केला तर मुलाच्या नाकावर चुकीची काच बसते. म्हणून आम्ही तो स्नायू सैल करणारे थेंब घालून रेटिनोस्कोपी करतो, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून परतणाऱ्या चमकेवरून नंबर काढतो. त्याच रेटिनोस्कोपच्या उजेडात डोळ्यातली चमक कात्रीच्या पात्यांसारखी उघडमीट करताना दिसली, तर केराटोकोनसची शंका येते. म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत असतो, आणि समोरचा माणूस आलेला असतो फक्त नंबर बदलायला. ही नजर तयार व्हायला शेकडो डोळे तपासावे लागतात. वर्षं तिथे जातात.

आळशी डोळ्याचंही तसंच, म्हणजे मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करतो आणि त्याची नजर नीट तयार होत नाही. एका डोळ्याचा नंबर जास्त असला तरी मूल तक्रार करत नाही, दुसऱ्या डोळ्यावर त्याचं सगळं भागतं. उपचार साधारण सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर सर्वात चांगला लागू पडतो.

डॉक्टरचा मुद्दा अर्धा खरा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नेत्रतज्ज्ञच करतात. पण अमेरिकेत पदवीनंतर आणखी ४ वर्षं शिकून ‘डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री’ होता येतं. ब्रिटनमध्ये जास्तीची पात्रता मिळवलेले ऑप्टोमेट्रिस्ट डोळ्यांची औषधं लिहून देतात.

उरलं दुकान. कॉन्टॅक्ट लेन्स, मुलांची वाढती मायोपिया (मायनस नंबर) रोखणं, लो व्हिजन (चष्म्यानेही नीट न दिसणाऱ्यांना मदत), संशोधन, अध्यापन, रुग्णालय हे रस्ते त्या मजकुरात नाहीतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीची अडचण आहे. त्यातल्या किमान १०० कोटींची टाळता आली असती किंवा अजून कुणी हाताळलेलीच नाही. आणि दुकानातल्या तपासणीला हिणवू नका. सामान्यतः आढळणारा काचबिंदू दुखत नाही, कडेची नजर हळूहळू खातो. असा माणूस आपणहून नेत्रतज्ज्ञाकडे जात नाही. चष्मा बदलायला मात्र आमच्याकडे येतो.