संयुक्त मोहीम आखू इच्छिणाऱ्यांस हितोपदेश

दिल्लीतील एखाद्या संयुक्त मुख्यालयात आपली नेमणूक झाली असेल, आणि भूदल, नौदल व हवाई दल यांनी एकाच योजनेनुसार व एकाच सेनापतीच्या हुकमाखाली लढावे अशी भाबडी कल्पना घेऊन आपण रुजू होत असाल, तर पहिल्याच आठवड्यात ती कल्पना फाइलीत घालून तिच्यावर ‘तत्त्वतः मान्य’ असा शेरा मारून घ्यावा. आपल्या संरक्षण व्यवस्थेत एकात्मतेचा विरोधक दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही. तिन्ही दले तिच्या बाजूची आहेत; प्रत्येकाची अट एवढीच, की एकत्र आल्यावर हुकूम आपला चालावा. ही अट कोणी लिहून देत नाही, आपणही ती लेखी मागू नये.

मोहिमेच्या बारशापासून सुरुवात करावी. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर युद्ध एकच चालू होते, पण भूदलाने त्याचे नाव ‘विजय’ ठेवले, हवाई दलाने ‘सफेद सागर’ आणि नौदलाने ‘तलवार’. मे महिन्यात भूदलाने हेलिकॉप्टरांची मदत मागितली, तेव्हा एवढ्या उंचीवर ती हेलिकॉप्टरे सहज टिपली जातील आणि हवाई शक्ती वापरायची तर आधी सरकारची मंजुरी हवी, असे हवाई दलाचे उत्तर आले. गंमत अशी, की दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते. मंजुरी मिळून हल्ले सुरू व्हायला २६ मे उजाडला आणि पुढच्या दोनच दिवसांत दोन लढाऊ विमाने व एक एमआय-१७ हेलिकॉप्टर आपण गमावले. दोघेही बरोबर असतील तेव्हा निकाल कोणी द्यायचा, हे आधीच ठरवून ठेवण्याची घाई म्हणूनच आपण करू नये. चर्चेला मग काही उरत नाही.

कोणी फारच आग्रह धरला, तर त्याला १९७१ च्या युद्धाची आठवण करून द्यावी. ‘तेव्हा कुठे होते तिन्ही दलांत समन्वय साधणारे संरक्षण दलप्रमुख? तरीही जिंकलोच ना?’ हा प्रश्न बैठकीत विचारला, की अर्धे सभागृह माना डोलावते. माणेकशा, नंदा आणि लाल या तीन प्रमुखांचे परस्परांशी जमले म्हणून रचनेतील भोके झाकली गेली, हे मात्र त्याच श्वासात सांगू नये. आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील खुलन्याचे नाव तर काढूच नये. त्या वर्षी १० डिसेंबरला कमांडर मोहन नारायण सामंत यांच्या नेतृत्वाखाली ‘पद्मा’ व ‘पलाश’ या बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या गनबोटी आणि आपली आयएनएस पनवेल खुलन्याच्या दिशेने नदीतून वर सरकत होत्या. आकाशातून ओळख पटावी म्हणून त्यांना पिवळा रंगही दिलेला होता. तरीही विमाने आली, ती आपलीच होती, आणि ‘पद्मा’ व ‘पलाश’ दोन्ही बुडाल्या, पनवेल बचावली. रंग देणारे एका दलाचे, तो ओळखायचा ते दुसऱ्या दलाचे, आणि मधला निरोप कोणाच्या हद्दीत मोडतो हा प्रश्न तिसराच. असल्या गोष्टी सांगितल्या की लोक उगाच संयुक्त नियंत्रण कक्ष मागू लागतात.

त्यापेक्षा समिती मागावी. या बाबतीत आपली परंपरा समृद्ध आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. त्यावर मंत्रिगट बसला आणि २००१ मध्ये त्याने संरक्षण दलप्रमुखाचे पद निर्माण करण्याची शिफारस केली. सरकारने काय केले? पदाधिकारी बाजूला ठेवला आणि त्याच्यासाठीचे मुख्यालय मात्र १ ऑक्टोबर २००१ पासून सुरू केले. पुढे २०१२ मध्ये नरेश चंद्र समितीने, २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने तोच विषय पुन्हा मांडला. दरम्यान तिन्ही प्रमुखांच्या समितीचे अध्यक्षपद सर्वांत ज्येष्ठ प्रमुखाकडे, त्याचे स्वतःचे दल सांभाळून, जात राहिले. २०१९ मध्ये एअर चीफ मार्शल धनोआ यांच्या वाट्याला ते जेमतेम चार महिने आले. एवढ्या मुदतीत माणसाला खुर्चीची उंचीही बदलून घेता येत नाही. अखेर १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले. डिसेंबर २०२१ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाल्यावर, ज्या पदावाचून देशाचे भागणार नाही असे वीस वर्षे सांगितले जात होते, ते पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामे राहिले.

काहीच होत नाही अशी ओरड झालीच, तर दिसणारे बदल आधी करावेत. नव्या पदासाठी वेगळी टोपी, वेगळी बटणे, वेगळा पट्टा आणि तिन्ही दलांची चिन्हे एकत्र गुंफलेला बिल्ला हे सारे वेळेत तयार झाले. सलामीचेही पाहावे. भूदलाचा तळवा समोर उघडा, नौदलाचा खाली वळलेला. हवाई दलाने २००६ मध्ये आपला तळवा पंचेचाळीस अंशांत आणून दोघांच्या बरोबर मध्ये ठेवला. तडजोडीची तयारी यापेक्षा स्पष्ट कोणी दाखवावी?

भूगोलाबाबत आपल्या महाराष्ट्राचा आदर्श ठेवावा. भूदलाची दक्षिण कमांड पुण्यात, नौदलाची पश्चिम कमांड मुंबईत आणि हवाई दलाची देखभाल कमांड नागपुरात. उद्या कच्छच्या बाजूला काही घडले, तर जमिनीचे पुण्याला विचारावे, समुद्राचे मुंबईला आणि आकाशाचे गांधीनगरला, कारण हवाई दलाची नैऋत्य कमांड तिथे बसते. देशभर भूदलाच्या सात, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन अशा सतरा कमांड आहेत. याच महाराष्ट्रात खडकवासल्याला तिन्ही दलांचे छात्र तीन वर्षे एकाच भोजनगृहात जेवतात, एकाच मैदानावर धावतात, एकमेकांचे जिवलग होतात, आणि मग आपापल्या अकादमीत जाऊन, पुढची पस्तीस वर्षे जिवलगाच्या दलाला विमाने किंवा हेलिकॉप्टरे का देता येत नाहीत याची कारणे शिकतात. हेलिकॉप्टरांवरून आठवले: अपाची हेलिकॉप्टरे हवाई दलाने बावीस घेतली, तरी भूदलाला आपली स्वतःची सहा वेगळी घ्यावीशी वाटली. घरात मिक्सर असताना धाकट्या जावेने दुसरा आणावा, तसे हे. भांडण वाटण्यावरून नसते.

कायद्याचा आधार विसरू नये. सैनिकाला भूदल कायदा, नाविकाला नौदल कायदा, वायुसैनिकाला हवाई दल कायदा. संयुक्त संस्थेच्या प्रमुखाने दुसऱ्या दलाच्या जवानाला शिस्त लावायची म्हटले, की त्या जवानाला त्याच्या मूळ दलाकडे परत धाडावे लागे. अंदमान-निकोबारची पहिली संयुक्त कमांड २००१ मध्ये उभी राहिली आणि प्रमुखांना हा अधिकार देणारा कायदा २०२३ मध्ये झाला, तो अमलात आला १० मे २०२४ रोजी. बावीस वर्षे हुकूम आणि शिस्त यांना एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवता येते, हे यावरून सिद्ध झाले.

आता एका अडचणीविषयी. थिएटर कमांड, म्हणजे एका प्रदेशातील तिन्ही दले एकाच सेनापतीच्या हाताखाली देणारी नियोजित रचना, हिच्यावरचा हवाई दलाचा आक्षेप अगदीच पोकळ नाही: लढाऊ विमानांच्या बेचाळीस स्क्वॉड्रन, म्हणजे तुकड्या, मंजूर असताना हाताशी तिसाच्या आसपास, त्या तीन थिएटरांत कायमच्या वाटून टाकल्या तर गरज पडेल तिथे वळवायच्या कशा? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर लागते, म्हणून तो आपण कधीही सोडवू नये. खरे कारण हातात असणे हे दहा सबबींपेक्षा भारी असते. जनरल रावत यांनी २०२१ मध्ये हवाई दलाची गणना तोफखान्यासारख्या साहाय्यक अंगात केली, आणि त्याच दिवशी हवाई दलप्रमुखांनी आपली भूमिका निव्वळ साहाय्याची नाही असे जाहीरपणे सांगितले. विमानांच्या हिशेबाचा वाद त्या दिवशी मानापमानाच्या वादात सुखरूप पोहोचला. २०२५ हे वर्ष सरकारने सुधारणांचे वर्ष म्हणून घोषित केले. त्याच ऑगस्टमध्ये महू येथील परिसंवादात हवाई दलप्रमुखांनी थिएटर कमांडची घाई नको असे सुचवले, नौदलप्रमुखांनी तिची बाजू घेतली, आणि मतभेद आहेत हे संरक्षण दलप्रमुखांनी मान्य केले.

यातूनही निर्णय जवळ येत असल्याची चाहूल लागली, तर आपण शांतपणे हात वर करून विचारावे, की थिएटर कमांडरचा गोपनीय अहवाल कोण लिहिणार: त्याच्या दलाचा प्रमुख, की संरक्षण दलप्रमुख? त्याच्या खांद्यावर तारे तीन, की चार? चार असतील, तर दलप्रमुख त्याला हुकूम देणार, की विनंती? मुख्यालय कोणत्या शहरात, आणि तिथल्या बंगल्यांपैकी मोठा कोणाचा? उत्तरे मिळू लागल्यास उपसमिती मागावी, आणि तिचे अध्यक्षपद तिन्ही दलांकडे आळीपाळीने, प्रत्येकी चार महिने राहील, असे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.