बंबाला चिंच

गेल्या रविवारी, आम्ही उभयता भाजी आणायला बाहेर पडलो असताना, माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याने आमच्या दिवाणखान्यातल्या सतरा हजार रुपयांच्या तांब्याच्या बंबाला चिंच लावली. चिंच आमच्याच डब्यातली होती आणि ती मीच निवडून आणलेली होती, हे मला अधिक लागले आहे.

घराची नव्याने सजावट करताना आमच्या तरुण सजावटकाराने एक नियम घालून दिला होता. पाच वस्तूंत चार नव्या आणि एक जुनी; ती जुनी वस्तूही मोकळ्या भिंतीपुढे, राखाडी सोफ्याच्या शेजारी एकटी उभी करायची, म्हणजे दोघांनाही उठाव येतो. दोन जुन्या वस्तू जवळजवळ आल्या की घराचे दुकान होते, असे त्याचे म्हणणे. त्या एकुलत्या एका वस्तूसाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार आणि रजा टाकून एक बुधवार घालवला. विक्रेत्याने बंबाच्या अंगावरचे हातोडीच्या ठोक्यांचे मठारकाम नखाने वाजवून दाखवले आणि ‘शंभर वर्षांचा, वाड्यातला’ एवढीच वंशावळ सांगितली. सजावटकाराने त्यावरच्या काळपट-हिरवट थराला ‘पॅटिना’ म्हटले, खरी किंमत त्या थराचीच आहे, त्याला फडकेसुद्धा लावू नका, अशी ताकीद दिली आणि मधल्या नळीत वाळलेल्या पाम्पास गवताचे तुरे खोवून तो निघून गेला.

आत्या शनिवारी संध्याकाळी आली. चहा होईपर्यंत ती बंबाकडे नुसती पाहत होती. मग म्हणाली, “पाणी किती वाजता तापवता?”

“आत्या, तो शोभेचा आहे.”

“जळण मात्र बरोबर जागी घातलंयस हो,” ती गवताकडे पाहत म्हणाली. “नळीतच घालायचं असतं. पण हे भुर्रकन जळून जाईल. खाली दोन करवंट्या तरी घाल. आणि आत पाणी आहे ना? रिकामा बंब पेटवलास तर सांध्यांचा डाख सुटेल.”

“पेटवायचा नाहीये. ह्या सोफ्याला उठाव येतो त्यानं.”

“सोफ्याला?” तिने सोफा दाबून पाहिला. “मग सोफाच नीट घ्यायचास. आणि हे हिरवं काय?”

“तो पॅटिना आहे. त्यालाच तर पैसे मोजले.”

“अरे, कळंक आहे तो! ह्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकेल. आमच्या सासूबाईंनी असा बंब पाहिला असता, तर घासून होईपर्यंत कोणाला आंघोळीचं पाणी दिलं नसतं. तू कळंकाचे पैसे मोजलेस?”

मी तिला समजावले. जुनेपणा ही एक स्वतंत्र गोष्ट असते, वस्तूने काळ अंगावर वागवलेला असतो, वगैरे. केळकर संग्रहालयातल्या दिव्यांचा आणि अडकित्त्यांचा दाखलाही दिला. तिथे निदान वस्तूंपुढे काच असते. आत्यापुढे उभे करण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. तिने सगळे ऐकून घेतले आणि चिंचेचा डबा कोणत्या फळीवर असतो, एवढेच विचारले. मला वाटले, आमटीसाठी असेल.

रविवारी परतलो तेव्हा बंब नव्या नवरीसारखा उभा होता. चिंचेतल्या आम्लाने अर्ध्या तासात सहा दशकांचा थर उतरवला होता. होय, सहाच दशकांचा. कारण आत्याने मला जवळ बोलावून झाकणाखालच्या काठावर बोट ठेवले. मोतीबिंदू काढल्यापासून तिला दुसऱ्यांच्या घरातले सगळेच स्वच्छ दिसते. तिथे टिंबाटिंबांनी कोरले होते: एका मुलीचे नाव, ‘हिचे विवाहप्रीत्यर्थ’, मामांचे नाव आणि ‘१९६४’.

“हा माझ्या लग्नानंतरचा आहे,” आत्या म्हणाली. “हा जुना, तर मला कोणत्या भिंतीपुढे उभी करतोस?”

पुरावस्तूंविषयीचा १९७२चा केंद्रीय कायदा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांच्या वस्तूलाच पुरावस्तू मानतो. त्या हिशेबाने आत्याला अजून सोळा वर्षे अवकाश आहे आणि बंबाला तिच्याहून बराच जास्त. विक्रेत्याने मला सरळ सरळ फसवले होते, आणि राग मात्र मला त्याचा न येता आत्याचा आला, हे लिहिताना बरे वाटत नाही. तो थर तसाच राहिला असता, तर मी आयुष्यभर शंभर वर्षांच्या बंबाचा मालक राहिलो असतो.

“तुमचा बंब ह्याहून मोठा होता,” आत्या हात पुसत म्हणाली. “त्याचं काय झालं रे?”

१९८६ साली घरात गीझर आला आणि वडिलांनी तो मोडीत घातला. तांबे वजनावर गेले. तोटी पितळेची म्हणून वेगळी तोलली गेली आणि नाव कोरलेल्या काठाचे कोणी काही वेगळे दिले नाही. सायकलच्या कॅरिअरवर तो दोन्ही हातांनी धरून मीच तांबट आळीपर्यंत चालत गेलो होतो, आणि आता रोज बंब पेटवावा लागणार नाही म्हणून चांगला खुशीत होतो. आत्याला मी एवढेच म्हणालो, “गीझर आला.”

“हं,” आत्या म्हणाली.

सजावटकार सोमवारी छायाचित्रे काढायला आला आणि बंबाकडे पाहून खुर्चीतच बसला. रसायन लावून पुन्हा थर चढवता येईल, असे त्याने थोड्या वेळाने सांगितले. त्याच्या नव्या अंदाजपत्रकात ‘जुनेपणा : ३,५०० रुपये’ अशी एक ओळ आहे. शिवाय, डाख धड आहे की नाही हे पाहायला आत्याने बंब काठोकाठ भरून ठेवला होता. डाख धड निघाला, तोटी गळकी निघाली आणि सोफ्याशेजारची लाकडी दिसणारी फरशी फुगली. ती नवी आहे, त्यामुळे तिच्या फुगण्याला कोणी पॅटिना म्हणत नाही.

काल आत्याचा फोन आला होता. तोटीला चिंधी गुंडाळलीस का, असे विचारत होती.