जेवण झालं की सोनार बहिरा

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकी नौदल आणि विद्यापीठं मिळून पाण्याखालचं संशोधन करतात त्यावरचा माझा लेख तुम्हाला ‘आरती’ वाटला. तुमचं म्हणणं असं की पैसा नौदलाचा, प्रश्न नौदलाचा, उत्तरही त्यांच्याच तिजोरीत. तेव्हा विद्यापीठांनी यातून अंग काढून घ्यावं. तिजोरीचं मान्य. अंग काढण्याचं पटत नाही.

आधी प्रश्नाचं बोलू. 1937 साली ‘सेम्स’ ही अमेरिकी विनाशिका क्यूबातल्या ग्वांतानामोजवळ सोनारच्या, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राच्या, चाचण्या घेत होती. सकाळी पाणबुडी हमखास सापडायची, दुपारी प्रतिध्वनी क्षीण व्हायचे, कधी यायचेच नाहीत. यंत्र ठीक होतं, म्हणून संशय खलाशांवर: जेवून पेंगत असतील! अमेरिकेतल्या वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेतले कोलंबस इझेलिन यांनी पाण्याचं तापमान खोलीनुसार मोजलं तेव्हा उलगडा झाला. दिवसभराच्या उन्हाने वरचं काही मीटर पाणी एखाद-दोन अंशांनी तापत होतं. एका अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटरने वाढतो. एकूण वेग दीड हजाराच्या आसपास, त्यात तीन म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण ध्वनी नेहमी कमी वेगाच्या बाजूला वळतो. त्यामुळे सोनारचा किरण खाली वाकायचा, आणि थोड्या अंतरावरची उथळ पाण्यातली पाणबुडी आवाजाच्या सावलीत, म्हणजे तो पोचतच नाही अशा जागी, जायची. माणसं जागीच होती.

हे तापमान जहाज चालू असताना मोजायचं उपकरण, बॅथीथर्मोग्राफ, अॅथेल्स्टन स्पिलहाउस यांनी एमआयटी हे अमेरिकी तंत्रविद्यापीठ आणि वुड्स होल इथे काम करून घडवलं. केबलवर सोडायची धातूची नळी, आत काजळी धरलेली काचेची छोटी पट्टी, तिच्यावर सुई ओरखडा काढत जाते: एका दिशेला खोली, दुसऱ्या दिशेला तापमान. दुसऱ्या महायुद्धात ते जहाजांवर गेलं, पाणबुड्यांवरही गेलं. आज समुद्र किती तापला याचा हिशेब मांडतात, त्यात 1940 च्या दशकातल्या या ओरखड्यांचे आकडेही धरलेले असतात. मागणी पाणबुड्यांच्या शिकारीची होती, हाती आली हवामानाची वही.

आता तिजोरी. तुम्ही दिलेल्यापेक्षा टोचणारं उदाहरण मीच देतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने बांधलेला जिओसॅट उपग्रह 1985 मध्ये नौदलासाठी सोडला गेला. समुद्राच्या पृष्ठभागाचे बारीक चढउतार मोजले की तळाशी डोंगर कुठे आहेत याचा अंदाज येतो. ती मोजमापं पूर्णपणे खुली झाली 1995 साली. दहा वर्षं जगभरचे भूवैज्ञानिक चाचपडत राहिले, इथे माझ्याकडे बचाव नाही.

पण अंग काढल्यावर काय होतं, तेही पाहा. पाणबुडीतून सुटणाऱ्या पोलॅरिस क्षेपणास्त्राची मार्गदर्शन यंत्रणा एमआयटीच्या प्रयोगशाळेत तयार झाली. विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, आणि 1973 मध्ये विद्यापीठाने ती प्रयोगशाळा, म्हणजे ड्रेपर, वेगळी केली. काम थांबलं का? छे. ट्रायडंट या पाणबुडीवरच्या पुढच्या क्षेपणास्त्राचं काम तिथेच झालं, फक्त प्रश्न विचारणारी पोरं आसपास उरली नाहीत.

नौदलाच्या सोनारचा देवमाशांना त्रास होतो, असं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. मार्च 2000 मध्ये बहामाजवळ सतरा प्राणी किनाऱ्याला लागले, त्यांत बहुतेक चोचीचे देवमासे. कारण आपलाच सोनार, हे अमेरिकी नौदलाने पुढच्या वर्षी सरकारी अहवालात मान्य केलं. नंतर संशोधकांनी चूषकाने चिकटणारी नोंदयंत्रं देवमाशांच्या पाठीवर लावली आणि सोनार ऐकून ते कसे बिथरतात ते दाखवलं. त्या कामाला मोठा पैसा नौदलाच्याच संशोधन कार्यालयाचा होता. तुमच्या हिशेबात हे कुठे बसवायचं, तुम्ही सांगा.

मूळ लेखात मी ‘खुलं संशोधन’ असं सरसकट लिहिलं होतं. तो शब्द काढलाय, जिओसॅटचा परिच्छेद तिथे घातलाय.