कर्नलकाकांबद्दल फिरणारा तो मेसेज खरा नाही

आपल्या ठाण्याच्या चरईतले कर्नलकाका, मिलिटरीतले निवृत्त डॉक्टर, गेल्या आठवड्यात गेले, हे एव्हाना सगळ्यांना कळलंच असेल. जवाहरबागेच्या स्मशानात केवढी माणसं आली होती, रिक्षा स्टँडवरची पोरं, इस्त्रीवाला, पालिकेच्या सफाईवाल्या मावशी, केमिस्टच्या दुकानातले दोघं दुकान बंद ठेवून आलेले. ज्यांना काकांनी आयुष्यात कधीतरी रस्त्यात थांबवून "जीभ दाखव बघू" म्हटलं असेल ते सगळे.

पण दुसऱ्याच दिवसापासून व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरायला लागलाय आणि त्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाहीये. त्यात लिहिलंय की कारगिलच्या लढाईत काकांनी तोफगोळे पडत असताना बंकरमध्ये टॉर्चच्या उजेडात ऑपरेशनं केली, शेकडो जवान वाचवले, आणि त्यांना शौर्यपदक मिळालं. खाली काकांचा युनिफॉर्ममधला फोटो, मेणबत्ती, तिरंगा. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, माझ्या नणंदेने डोंबिवलीहून मलाच पाठवला. चांगल्या भावनेनेच पाठवतायत सगळे, त्यात मला शंका नाही. पण खरं नाहीये हो ते. काका सर्जन नव्हतेच मुळी. १९९९ साली ते रिटायरमेंटला आले होते आणि पोस्टिंग दक्षिणेत होतं, कारगिलच्या आसपासही नव्हते, हे त्यांनीच आम्हाला कितीदा तरी सांगितलंय. पदकं होती घरात, काचेच्या कपाटात लावलेली पण नव्हती, ड्रॉवरमध्ये असायची, माझ्या मुलाने हट्ट केला म्हणून एकदा काढून दाखवली. लाँग सर्व्हिसची, हाय अल्टिट्यूडची, अशी. शौर्यपदक त्यात नव्हतं. आणि मुलाने विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "नाही रे, मला नाही मिळालं. ज्यांना मिळतं ना ती माणसं फार मोठी असतात."

काकूंना कोणीतरी हा मेसेज वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, "हे कोणाबद्दल आहे?"

आपल्याला मिलिटरी डॉक्टर म्हटलं की गोळी काढणारा, पट्ट्या बांधणारा, रक्ताने माखलेला माणूसच डोळ्यासमोर येतो. असे डॉक्टर असतात, त्यांचं काम अफाटच आहे. पण काका त्यातले नव्हते आणि त्यांचं काम काही कमी नव्हतं. पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजातून, ते एमबीबीएस झाले, नंतर पलटणीचे आरएमओ, म्हणजे सातआठशे जवानांमागे एकच डॉक्टर असतो तो, आणि त्यानंतर त्यांनी एमडी केलं ते पीएसएममध्ये, ज्याला आता कम्युनिटी मेडिसिन म्हणतात, आजार मुळात होऊच नये म्हणून काय करायचं त्याचं शास्त्र. पुढची सगळी नोकरी त्यातच. छावणीच्या ठिकाणी स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशन नावाचं एक युनिट असतं, तिथे ते असायचे. तिथलं काम म्हणजे जवान पितात ते पाणी तपासा, लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर तपासा, स्वयंपाक्याची नखं बघा, संडास कुठे खणलेत आणि विहीर कुठे आहे ते बघा, डासांच्या अळ्या शोधा, लसी वेळेवर दिल्या का बघा. यात फोटो काढण्यासारखं काहीच नाही. पण काका सांगायचे की विसाव्या शतकापर्यंत जगातल्या बहुतेक लढायांमध्ये सैनिक शत्रूच्या गोळीने मेले त्यापेक्षा जास्त कॉलरा, हगवण, टायफस, मलेरियाने मेले. आख्ख्याच्या आख्ख्या फौजा घाण पाण्याने संपल्यात. मग ज्या माणसाने तीसेक वर्षं हजारो पोरांना आजारीच पडू दिलं नाही, त्याने किती जीव वाचवले ते कसं मोजणार? मोजताच येत नाही, आणि मोजता येत नाही म्हणून आपण त्याच्या नावावर बंकर आणि टॉर्च चिकटवतो. माझा राग त्याच्यावर आहे.

आमच्या बिल्डिंगचं सांगते. जुनी बिल्डिंग, खाली अंडरग्राउंड टाकी, तिचं झाकण फुटकं. एका पावसाळ्यात बी विंगमधल्या मुलांना एकामागोमाग एक जुलाब, मग दोघांना कावीळ. कमिटीत चर्चा चालू की बाहेरचं पाणीपुरी खाल्लं असेल, शाळेतलं पाणी असेल. काका खाली आले ते एक लाकडी खोका घेऊन. त्यात सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन छोटे चमचे, ड्रॉपर आणि ढवळायच्या काड्या. वॉचमनच्या टेबलावर पेपर अंथरून त्यांनी सगळं मांडलं आणि खेळणाऱ्या पोरांना हाक मारली. काळ्या कपात एक सपाट चमचा ब्लीचिंग पावडर, तो चमचा बरोबर दोन ग्रॅमचा असतो, थोड्या पाण्यात कालवून मग कपातल्या रेघेपर्यंत पाणी. ते ढवळून खाली बसू द्यायचं. पांढऱ्या कपांत टाकीतलं पाणी. मग वरच्या नितळ द्रावणाचा पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यात सहा. ढवळायचं आणि अर्धा तास थांबायचं. पोरांना अर्धा तास थांबवणं म्हणजे काय असतं हे मी शाळेत शिकवते म्हणून मला माहितीये, पण त्या अर्ध्या तासात काकांनी त्यांना सांगितलं की ही टेस्ट हॉरॉक्स नावाच्या ब्रिटिश मिलिटरी डॉक्टरने बसवली, पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना साधं पिण्याचं पाणी मिळावं म्हणून, आणि तीच टेस्ट आजही आपल्याकडे मेडिकलच्या मुलांना शिकवतात. मग प्रत्येक कपात इंडिकेटरचे तीन तीन थेंब, पाणी शुद्ध करून वर क्लोरीन उरला असेल तर ते निळं होतं. पहिले दोन कप तसेच राहिले. तिसऱ्या कपात निळा रंग आला. पोरं नुसती ओरडली.

तिसरा कप म्हणजे ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, सहा ग्रॅम. "आता आपली टाकी वीस हजार लिटरची, करा हिशोब." सातवीतल्या एका मुलीने मोबाईल न वापरता उत्तर काढलं, साधारण २६४ ग्रॅम. काकांनी तिला तिथे सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि सेक्रेटरींना म्हणाले की पावडर ही मुलगी सांगेल तेवढीच टाकायची, अंदाजे डबा ओतायचा नाही, आणि मुख्य म्हणजे झाकण उद्याच्या उद्या बदला कारण झाकण फुटकं असेल तर रोज पावडर टाकून पण उपयोग नाही. झाकण बदललं. टाकी उपसून घासून घेतली, तळाला काय काय निघालं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर बी विंगमध्ये नवीन पेशंट झाला नाही.

हे काकांचं काम. ह्याच्यावर कोणी मेसेज केला नाही.

डासांचं तर विचारूच नका. दर रविवारी सकाळी राउंड. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीतले टायर, मनी प्लांटची बाटली. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकलं की साखळी तुटते, एवढं साधं गणित, पण लोकांना राग यायचा ना, की हे कोण आमच्या बाल्कनीत येऊन बघणारे. काका चिडायचे नाहीत. बॅटरीच्या उजेडात अळी दाखवायचे, घरातल्या लहान मुलालाच दाखवायचे, मग पुढच्या रविवारी ते मूलच आईबापाच्या मागे लागायचं. २० ऑगस्टला तर न चुकता पोरांना जमवून रोनाल्ड रॉसची गोष्ट, की १८९७ साली ह्याच तारखेला सिकंदराबादला ह्या लष्करी डॉक्टरने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, आपल्या अल्मोड्यात जन्मलेला माणूस, पुढे १९०२ साली नोबेल मिळालं. आमच्या इथली लहान पोरं रॉस कोण ते सांगतात, मोठ्यांना येत नाही.

आणि पाय. काकांना माणसाचे पाय बघायचे असायचे. लडाखला कॅप्टन असताना त्यांना ती सवय लागलेली, संध्याकाळी जवानांचे बूट-मोजे काढायला लावून एकेकाची बोटं बघायची, मोजे ओले असले की बदलायला लावायचे, बोटं गारठून बधिर झाली तर बर्फाने चोळायचं नाही, शेकोटीवर धरायचं नाही, हे शंभरदा सांगायचं. तीच सवय इथे ठाण्याच्या पावसात. आमच्या वॉचमन मामांना शुगर आहे आणि पावसाळाभर ते ओल्या बुटात, बोटांमध्ये चिखल्या ठरलेल्या. नाईट ड्यूटी संपली की काका त्यांना खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः समोरच्या पायरीवर बसून त्यांचा पाय मांडीवर घ्यायचे. पहिल्यांदा मामा एवढे संकोचले की उठूनच निघाले. काका म्हणाले, "बसा, ही माझी ड्यूटी आहे." बोटांच्या मधे दाबून बघायचे, टाच बघायची, पेनाच्या टोपणाने हळूच टेकवून विचारायचे कळतंय का. एकदा करंगळीच्या बुडाशी काळसर ठिपका दिसला, मामांना दुखत पण नव्हतं, शुगरवाल्यांना दुखत नाही हाच तर धोका. त्याच दिवशी रिक्षात घालून काका स्वतः त्यांना सिव्हिलला घेऊन गेले, केसपेपरच्या लाइनमध्ये पण स्वतः उभे. मामांचा पाय शाबूत आहे. जवाहरबागेत ते सगळ्यांत शेवटपर्यंत थांबले होते.

ऐंशी पार केलेला माणूस हो. निवृत्त कर्नल. आणि पायरीवर बसून वॉचमनच्या पायाची बोटं पुसतोय.

ओरडायचे पण खूप, हे पण लिहायला पाहिजे, नाहीतर ते कोणी साधुसंत वाटायचे. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घरात सापडल्या की काही खैर नाही. लेह-लडाखची ट्रिप काढली की तर झालंच, आयटिनररी मागून घ्यायचे आणि लाल पेनाने खोडायचे. त्यांचं म्हणणं, १९६२ च्या चीन युद्धात मैदानातून जवान घाईघाईने उंचावर नेले, हवेची सवय व्हायला वेळच दिला नाही, आणि थंडीने आणि विरळ हवेने किती हाल झाले. त्यानंतर आपल्याच मिलिटरी डॉक्टरांनी यावर जगाला उपयोगी पडेल असं काम केलं, इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांवरचा अभ्यास १९६९ साली छापला, अमेरिकेच्या न्यू इंग्लंड जर्नल या मेडिकलच्या नियतकालिकात. आजही जवानाला वर पाठवताना टप्प्याटप्प्याने नेतात, नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार, त्याच्या वर परत चार. "आणि तुम्ही मुंबईहून विमानाने सकाळी साडेअकरा हजार फुटांवर उतरणार आणि दुसऱ्या दिवशी त्याहून उंच खारदुंग-ला खिंडीत फोटो काढणार? जवानांपेक्षा दणकट आहात का तुम्ही?" समोरच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब गेलं होतं तर काका रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, डोकं दुखतंय का, बसल्याजागी दम लागतोय का, खोकला आहे का. तिसऱ्या दिवशी त्यातल्या मोठ्या मुलाला बसल्याबसल्या धाप लागायला लागली, तो सांगत नव्हता कारण ट्रिप बिघडेल. काकांना फोनवर त्याच्या बोलण्यातूनच कळलं. लगेच हॉस्पिटल गाठायला लावलं, ऑक्सिजन, आणि पुढचा सगळा प्लॅन रद्द करून खाली. फुप्फुसात पाणी व्हायला लागलं होतं. तो मुलगा आज इंजिनियर आहे, परवा खांदा द्यायला होता.

मला माहितीये काही जण म्हणतील की जाऊ दे ना, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच तर लिहिलंय, काय बिघडलं. मला वाटतं बिघडलं. एक तर कारगिलला जे डॉक्टर खरंच होते त्यांचं श्रेय आपण असं उचलून दुसऱ्याला देऊ शकत नाही, काकांना तर ते अजिबात चाललं नसतं, दुसऱ्याच्या पदकाबद्दल ते किती हळवे होते ते मी वर लिहिलंय. आणि दुसरं, असं खोटं लिहिलं की आपण नकळत म्हणतो की त्यांनी जे केलं ते पुरेसं नव्हतं. म्हणजे सहा कप आणि पायाची बोटं याला काही किंमत नाही, गोळे पडायलाच पाहिजेत. आपल्या पोरांसमोर हे मांडायचंय का आपल्याला? ज्या पोरांनी तो तिसरा कप निळा होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय?

तर माझी हात जोडून विनंती, ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी त्या त्या ग्रुपवर लिहा की हे खरं नाही. डिलीट करून गप्प बसू नका, कारण पुढे गेलेला असतोच.

रविवारी संध्याकाळी सहाला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शोकसभा आहे. हार-फुलं आणू नका असं काकूंनी सांगितलंय. बोलायचंय त्यांनी जरूर बोला, पण काकांनी तुमच्यासाठी, तुमच्या घरात, तुमच्या समोर काय केलं तेवढंच बोला, छोटं असलं तरी चालेल, ओरडले असतील तर ते पण सांगा. काकू पुढच्या रांगेत बसलेल्या असतील आणि त्यांना ऐकायचंय ते ह्याच माणसाबद्दल.