साडेसतरा इंची मान

आमच्या कोल्हापुरात माणसाचं वजन मानेवरून ठरतं. माझी मान साडेसतरा इंच. शर्टाचं माप घेताना टेलर दर वेळी विचारायचा, "कुठल्या तालमीचं पैलवान म्हणायचं?" तालमीची पायरी मी गणपतीच्या वर्गणीपुरती चढलोय, हे त्याला कधी सांगितलं नाही.

घोरण्याचंही तेच. "झोप लागावी तर अशी," म्हणून आई कौतुक करायची. बायकोची तक्रार वेगळी. "घोरताय त्याचं काय नाही, मधेच गप्प होताय त्याची भीती वाटत्या." ती अंधारात आकडे मोजायची. वीस झाले की कोपर. मी म्हशीसारखा फुस्स करून पुन्हा चालू. सकाळी डोकं जड, दुपारी फायलीवर डुलक्या. दोष सगळा पांढऱ्या रश्श्याला दिला. पण एकदा सिग्नलला, गाडीवर बसल्या बसल्याच डोळा लागला. मागून आवाज आला, "ओ पावणं, घरात झोपायचं की!" मग डॉक्टर गाठला.

डॉक्टरांनी पहिली मोजली ती मानच. मी छाती फुगवली, त्यांनी आठ्या घातल्या. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरते, वर मानेतल्या चरबीचा दाब. वाट बंद! मेंदू दचकून जागा करतो, आणि सकाळी आपल्याला काही आठवत नाही. मग रात्रभर अंगाला वायरी लावून तपासणी. श्वास निदान १० सेकंद अडला किंवा मंदावला की एक धरायचा. तासाला ५ च्या आत ठीक, ३० च्या वर गंभीर. माझे ४१. गणितात कधी एवढे पडले नव्हते.

वजन उतरवा, रात्रीची 'बैठक' बंद, कुशीवर झोपा. कुशीसाठी बायकोनं बनियनच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवला. मी चेंडूवर उताणा पडून घोरलो. शेवटी सीपॅप आलं. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ साली जगापुढं मांडलेला उपाय: नाकावर मास्क, नळीतून दाबानं हवा, घसा मिटतच नाही. पहिल्या रात्री मला बघून आईनं हात जोडले. "सोंड तेवढी उजवीकडं घेऊ नको बाबा, सोवळं लई कडक असतंय."

परवा मध्यरात्री लाइट गेली. सकाळी सातला शेजारच्या काकू दारात, "मशीन बिघडलं व्हय? आमचा भाचा करतोय दुरुस्ती, आत्ताच बोलावू?"